कलेजीत अंजीर कुठून आलं? पोर्तुगीज-गालिशियन ऑनलाइन कोशांचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पोर्तुगीज किंवा गालिशियन शब्द कुठून आला हे बघायचं असेल तर खिशातून एक रुपया काढू नका. कामाचं जे आहे ते बहुतेक सगळं फुकट आहे, फक्त एका जागी नाहीये, तुकड्यातुकड्यात आहे आणि कुठल्या तुकड्यासाठी कुठे जायचं हे कुणी धड सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू. पद्धत साधी ठेवलीय, एकच शब्द घ्यायचा आणि तोच सगळ्यांना विचारायचा. शब्द घेतला ‘फीगादो’. म्हणजे यकृत, लिव्हर, आणि मटणाच्या दुकानात गेलात तर कलेजी. पोर्तुगीजमध्ये हाच, गालिशियनमध्ये हाच, स्पेलिंगसुद्धा डिट्टो. लिस्बनवाले मधला-शेवटचा स्वर गिळून ‘फीगदु’ म्हणतात, गालिशियातले तोंडभर ‘फीगादो’ म्हणतात, एवढाच फरक. (गालिशिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, पोर्तुगालच्या बरोबर डोक्यावर, मध्ये मिन्यो नदी. मध्ययुगात दोन्हीकडची भाषा एकच होती, मग 12व्या शतकात पोर्तुगाल वेगळं राज्य झालं, गालिशिया स्पेनमधल्या कास्तीया राज्याच्या बाजूला गेलं आणि हळूहळू दोन भाषा झाल्या. किती दोन आणि किती एक यावर तिकडे अजून भांडणं चालतात, आपण त्यात पडायचं नाही.)

हाच शब्द का, तर याचं मूळ इतकं चमत्कारिक आहे की कोश किती पाण्यात आहे ते लगेच कळतं. डोळा, कान असलं काही विचारलं तर कुणीही एक लॅटिन शब्द फेकून मोकळा होतो.

सुरुवात वाईटापासून करते. ‘शब्दांच्या जन्मकथा’ टाइपचं एक ॲप मी वर्षाचे पैसे भरून घेतलं होतं, नाव घेत नाही. त्यात फीगादो टाकलं तर उत्तर काय, तर यकृताचा आकार अंजिरासारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं. अहो, ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कधी कलेजी बघितलीय का? पसरट, चपटी, कडेला पातळ होत गेलेली गोष्ट, त्यात अंजीर दिसायला किती भूक लागली पाहिजे. अंजीर आहे या गोष्टीत, पण आकारात नाही. बरं, हे कुठून घेतलं त्याचा पत्ता नाही, कुठल्या काळातलं त्याचा पत्ता नाही, वर एक हसणारं अंजिराचं चित्र आणि खाली ‘शेअर करा’. रिफंडच्या मेलला उत्तरसुद्धा आलं नाही. 5 पैकी शून्य, आणि शून्य देता येत नाही म्हणून स्टोअरवर एक दिलाय.

आता कामाचे. प्रिबेराम हा पोर्तुगीजचा रोजच्या वापराचा कोश, पोर्तुगालचं आणि ब्राझीलचं स्पेलिंग, 1990 च्या स्पेलिंग-कराराआधीचं आणि नंतरचं, सगळं सांभाळून घेतो, शब्दाची अक्षरं तोडून दाखवतो, रोज एक शब्द समोर ठेवतो. पोर्तो एडितोराचा इन्फोपेडिया पण त्याच जातीचा. दोन्ही फोनवर झटकन उघडतात, अर्थ बघायला, वाक्प्रचार बघायला एकदम चोख. व्युत्पत्ती मात्र असल्या सर्वसाधारण कोशात एका ओळीत आटपते, लॅटिनमधून आला, अमुक शब्द, झालं. ही काही त्यांची चूक नाही, तो त्यांचा धंदाच नाही. ज्याला भाषांतर करायचंय त्याच्यासाठी 5 पैकी 4.5, ज्याला ‘का’ विचारायची खोड आहे त्याच्यासाठी 3.

आता ती एक ओळ उघडून बघितली तर आत काय आहे ते सांगते, कारण त्याशिवाय पुढच्या कोशांना मार्क कशाचे देतेय ते कळणार नाही.

लॅटिनमध्ये यकृताला खरा शब्द होता ‘इएकुर’. आणि रोमन श्रीमंतांना एक चोचला होता, हंसांना (इंग्रजीत गीस) आणि डुकरांना अंजीर चारचारून त्यांचं यकृत फुगवायचं आणि ते खायचं. पद्धत मुळात ग्रीकांची, ते त्याला म्हणायचे ‘हेपार सिकोतोन’, सिकोन म्हणजे अंजीर. रोमनांनी ते नाव जसंच्या तसं आपल्या भाषेत उतरवलं, अंजिराला फिकुस म्हणून ‘इएकुर फिकातुम’, म्हणजे अंजिरवलेलं यकृत म्हणा. (वड, पिंपळ, उंबर यांच्या शास्त्रीय नावात पुढे जो फायकस लागतो तो हाच फिकुस.) इसवीसन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेलेला रोमन लेखक प्लिनी आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या आठव्या खंडात लिहून ठेवतो की हंसांवरची ही युक्ती डुकरिणींवर करायची आयडिया मार्कुस अपिसिउस नावाच्या खवय्याची, तिला सुकं अंजीर खाऊ घालून लठ्ठ करायचं आणि मग अचानक मध घातलेली वाइन पाजून मारायचं. वाचून पोटात ढवळतं, पण फ्रान्समध्ये फ्वा ग्रा (असंच चारचारून फुगवलेलं हंसा-बदकाचं यकृत) अजून खातातच की, आणि तो ‘फ्वा’ पण याच फिकातुममधून आलेला आहे.

मग झालं असं की मागचा शब्द (फिकातुम) टिकला आणि पुढचा (इएकुर) गळून गेला. आपण टपरीवर ‘दोन कटिंग’ म्हणतो, चहा हा शब्द कुणी उच्चारतही नाही, तसंच. अपिसिउसच्या नावावर जे रोमन पाककृतींचं पुस्तक आहे त्यात यकृतावर घालायच्या सॉसची कृती आहे, मिरी, थाइम, माशांचं खारवलेलं पाणी, थोडी वाइन, तेल वगैरे, आणि तिथे नुसतं ‘फिकातुम’ लिहिलंय, इएकुरचं नावसुद्धा नाही. म्हणजे आधी फक्त मेजवानीतली अंजीरवाली कलेजी, मग कुठलीही कलेजी, मग माणसाच्या पोटातलं यकृतसुद्धा. पोर्तुगाल, गालिशिया, स्पेन, फ्रान्स, इटली, पार रोमानियापर्यंत डॉक्टरकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पोटात रोमन आचाऱ्याचं अंजीर आहे. ग्रीसमध्येही तेच, हेपार गेलं आणि रोजच्या बोलण्यात ‘सिकोती’ राहिलं.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग असा की जो इएकुर त्यांनी टाकून दिला तो आपला सख्खा नातेवाईक आहे. संस्कृतचा यकृत् आणि लॅटिनचा इएकुर एकाच मुळाचे, ग्रीक हेपारही त्यातलाच. नातं किती जवळचं तर दोन्हीकडे खोडसुद्धा सारखी, विभक्ती लावली की ‘र’ जाऊन ‘न’ येतो, संस्कृतमध्ये यकृत् पण षष्ठीला यक्नः, लॅटिनमध्ये इएकुर पण षष्ठीला इएकिनोरिस. म्हणजे लिस्बनच्या माणसाकडून जो शब्द हरवला तो आपल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये व्यवस्थित बसलेला आहे. आणि गंमत म्हणजे आपणही तो फक्त रिपोर्टपुरताच ठेवलाय, खाटकाकडे कुणी ‘अर्धा किलो यकृत’ मागत नाही.

पोर्तोत एका ताल्युमध्ये (मांसाच्या दुकानाला तिकडे ताल्यु म्हणतात) मी काचेसमोर उभी होते, आत स्टीलच्या ट्रेमध्ये गडद तांबडी कलेजी, वर प्लास्टिकची पाटी ‘फीगादो दे पोर्को’, शेजारच्या ट्रेवर ‘फीगादो दे वितेला’, म्हणजे डुकराची आणि वासराची. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, या नावात अंजीर आहे माहितीय का तुम्हाला? अंजिराला ते फीगो म्हणतात, दोन्ही शब्द कोशात जवळजवळच येतात. बाईंनी हात पुसत समोर बोट दाखवलं, अंजीर पाहिजे असेल तर पलीकडे फळवाल्याकडे. संपला विषय. रोज बोलणाऱ्याला ते अंजीर दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही.

तर या पूर्ण प्रकरणासाठी सगळ्यात सोयीची जागा कुठली, तर हसू नका, विक्शनरी, म्हणजे विकिपीडियासारखाच लोकांनी मिळून लिहिलेला कोश. इंग्रजी विक्शनरीत फीगादो उघडलं की जुनी गालिशियन-पोर्तुगीज, तिथून बोलीतली लॅटिन, तिथून ग्रीकची नक्कल अशी पायरीपायरीने शिडी मिळते, आणि लॅटिनच्या पानावर गेलात की खाली सगळ्या भाषांतली पिल्लं एका झाडात मांडलेली. ते झाड बघितल्यावर एक प्रश्न लगेच टोचतो, जो छोट्या कोशात टोचणारच नाही. फिकातुममध्ये जोर ‘का’वर आहे. मग पोर्तुगीजमध्ये फीगादो, जोर ‘फी’वर कसा आला? रोमानियनमध्ये फिकात, जोर शेवटी, बरोबर. व्हेनिसच्या बोलीत ‘फिगा’, जोर शेवटी, बरोबर. पण पोर्तुगीज, गालिशियन, स्पॅनिश ईगादो, इटालियन फेगातो, यांच्यात जोर उडी मारून पुढे आलेला. इटालियनमध्ये तर पहिला स्वरही ‘ई’चा ‘ए’ झाला. जाणकार याचं खापर ग्रीकवर फोडतात, की लोकांच्या कानात ग्रीक सिकोतोन आणि लॅटिन फिकातुम दोन्ही घोळत होते आणि त्या गोंधळातून बोलीत दोनतीन वेगवेगळी रूपं तयार झाली. बाकीचा प्रवास सरळ आहे, दोन स्वरांमधला क मऊ होऊन ग, त मऊ होऊन द, अमिकु चा अमिगो झाला आणि विता चा विदा झाला त्याच नियमाने. विक्शनरीला 5 पैकी 4, एक मार्क यासाठी कापला की कुणीही लिहू शकतं आणि ताऱ्याचं चिन्ह असलेली रूपं (म्हणजे अंदाजाने बांधलेली, कुठे लिहिलेली सापडत नाहीत अशी) लोक खरी समजून पुढे ढकलतात.

गालिशियनसाठी पहिला थांबा रेआल अकादेमिया गालेगाचा कोश. ही अकादमी 1906 ची, आ कोरुन्या शहरातली, आणि तिच्यामागे जोर होता तो क्युबातल्या हवानाला पोटापाण्यासाठी गेलेल्या गालिशियन लोकांचा. कोश ऑनलाइन फुकट, व्याख्या गालिशियनमध्येच, उदाहरणं चांगली. पण हा प्रमाण भाषेचा कोश आहे, शाळेत, ऑफिसात काय लिहायचं ते सांगणारा, गावात काय बोलतात ते त्यात शोधू नका. उदाहरण फीगादोचंच घ्या. गालिशियाच्या पश्चिम भागात लोक ‘ग’ म्हणतच नाहीत, घशातून ‘ह’ काढतात, त्याला गेआदा म्हणतात, आणि तिथली आजी ‘फीहादो’ म्हणणार. शिकलेले लोक वर्षानुवर्षं त्याला हसले, गावंढळ म्हणाले. लिहिताना मात्र सगळे ‘ग’च लिहितात, म्हणून प्रमाण कोशातून हे ऐकूच येत नाही.

ते ऐकू येतं ते तेसोउरोमध्ये, आणि या अख्ख्या रिव्ह्यूमधला माझा हिरो हाच. पूर्ण नाव लांबलचक, ‘तेसोउरो दो लेक्सिको पात्रिमोनिअल गालेगो ए पोर्तुगेस’, म्हणजे गालिशियन आणि पोर्तुगीजच्या वारशातल्या शब्दांचं भांडार. सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठाच्या गालिशियन भाषा संस्थेने (संस्था 1971 ची) पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या विद्यापीठांना सोबत घेऊन केलेलं काम. कल्पना काय, तर 20व्या शतकभर कुणीकुणी एकेका गावाच्या, एकेका खोऱ्याच्या बोलीवर प्रबंध लिहिले, शब्दांच्या याद्या केल्या, त्या सगळ्या कपाटात धूळ खात होत्या, त्या काढून एकाच डेटाबेसमध्ये ओतल्या, आणि प्रत्येक शब्दाला तो जिथे ऐकला त्या गावाची टाचणी लावली. शब्द टाका, नकाशा येतो. आणि नकाशावर गालिशिया, पोर्तुगाल, ब्राझील एकत्र. मिन्यो नदीवरची सरहद्द तिथे आहे, पण शब्दांना तिचं काही पडलेलं नाही हे डोळ्यांनी दिसतं. विषयावरूनही आत जाता येतं, माणसाचं शरीर हा विषय धरून गेलात की मग जेवायचं विसरता.

दिसायला साइट सरकारी आहे, रंगबिंग काही नाही, फोनवर बघू नका, लॅपटॉपवर बघा. आणि एक लक्षात ठेवा, हा व्युत्पत्तीचा कोश नाही. तो फक्त दाखवतो की कुठे काय म्हणतात, का म्हणतात ते तुम्ही दुसरीकडे बघायचं. तरी 5 पैकी 5, कारण दुसरीकडे फक्त शहरातला शब्द मिळतो.

एकदा शरीराच्या यादीत घुसल्यावर मला काय दिसलं तर फीगादो एकटा नाहीये. या लोकांनी अर्धं शरीर खाटकाच्या आणि कुंभाराच्या दुकानातून उचललंय. पाय म्हणजे ‘पेर्ना’, आणि लॅटिनमध्ये पेर्ना म्हणजे डुकराची मांडी, खारवून टांगून ठेवतात ती. कपाळ म्हणजे ‘तेस्ता’, लॅटिनमध्ये मातीचं भांडं, खापर. चेहरा ‘रोस्तो’, लॅटिन रोस्त्रुम म्हणजे चोच, जहाजाच्या नाकाडालाही तेच म्हणायचे. नडगी म्हणजे ‘कानेला’, छोटी नळी, आणि दालचिनीलाही कानेला, कारण तीही नळीच. कमरेच्या बाजूला गालिशियन लोक ‘कादेइरा’ म्हणतात आणि बसायच्या खुर्चीलाही कादेइरा, मूळ ग्रीक-लॅटिन कातेद्रा. पोटरीला पोर्तुगालमध्ये ‘बारिगा दा पेर्ना’ म्हणतात, पायाचं पोट! आपल्या पोटरीतही पोट ऐकू येतंच. आणि ब्राझीलला गेलात तर ‘बाताता दा पेर्ना’, पायाचा बटाटा. हा बाताता तोच, जो त्यांनीच आपल्या भाजीत आणून टाकला.

हनुवटीचं वेगळंच. ‘केइशो’, लॅटिन काप्सा म्हणजे डबा, त्यावरून, जबडा म्हणजे डब्यासारखा उघडझाप करणारा. पण गालिशियनमध्ये चीजलाही केइशोच म्हणतात. डब्याचा आणि चीजचा काही संबंध नाही, चीजचा शब्द लॅटिन कासेउसवरून. पोर्तुगीजमध्ये हनुवटी ‘केइशु’ आणि चीज ‘केइझु’, श आणि झ वेगळे राहिले. गालिशियनमध्ये तो जुना झ मधेच श होऊन गेला आणि दोन वेगळ्या घराण्यातले शब्द एकाच उच्चारात येऊन बसले. गुडघ्याचंही असंच, लॅटिन गेनुकुलुम, पोर्तुगीज जुन्या काळी ‘जेओल्यो’ म्हणायचे, मग स्वरांची अदलाबदल होऊन ‘जोएल्यो’ झालं, गालिशियनमध्ये ‘शेओन्लो’. लॅटिनमधला जो न पोर्तुगीजने पार गिळला त्याचा ठसा गालिशियनमध्ये अजून आहे. असल्या जोड्या लावायच्या असतील तर दोन्ही भाषांचे कोश शेजारीशेजारी टॅबमध्ये उघडे पाहिजेत, एकट्या पोर्तुगीज कोशावर बसलात तर निम्मी गोष्ट कळणारच नाही. माझ्या मते सगळ्या फुकट पोर्तुगीज साइट्सची हीच मोठी उणीव आहे, शेजारणीचं नाव घ्यायला ते कंजूषपणा करतात.

आता सिबेरदूविदास. हा कोश नाही, सर्व्हिस आहे, 1997 पासून लिस्बनमधून चालते, लोक पोर्तुगीजबद्दल प्रश्न पाठवतात, जाणकार उत्तर देतात, आणि सगळी जुनी उत्तरं शोधता येतात. फुकट. बारीकसारीक शंका, हे असंच का म्हणतात, हे बरोबर की ते, यासाठी दुसरं काही नाही. वाक्प्रचारांत मुरायचं असेल तर इथेच रेंगाळा. यकृत म्हणजे त्यांच्याकडे रागाचं, हिमतीचं घर. कट्टर शत्रूला म्हणतात ‘इनिमिगो फीगादाल’, यकृताचा वैरी. खुनशी माणसाचे ‘माउश फीगादुश’, खराब यकृत, आपल्याकडे उलट्या काळजाचा म्हणतात तसला. आणि पोट धरून हसलात तर यकृत मोकळं झालं म्हणतात. आता यात आपलं काळीज बघा, संस्कृत कालेय म्हणजे यकृत, हिंदीत कलेजा, खाटकाकडे कलेजी, आणि मराठीत तोच शब्द सरकून हृदयावर गेला. काळजाचा तुकडा, काळजाला घरं पडली, हे सगळं आपण खरं तर यकृताबद्दल बोलतोय. सिबेरदूविदासला 5 पैकी 4.5, अर्धा मार्क यासाठी की उत्तरं पोर्तुगीजमध्येच आहेत आणि भाषा जरा मास्तरांची आहे, नवशिक्याची दमछाक होते.

जुन्या मजकुरात शब्द शोधायचा असेल तर कोर्पुस दो पोर्तुगेस, त्याचा ऐतिहासिक भाग 4.5 कोटी शब्दांचा, 1200 नंतरच्या मजकुरापासून 20व्या शतकापर्यंत. शतकावार आकडे दिसतात. अकाउंट काढावं लागतं, रोजच्या सर्चवर मर्यादा आहे, आणि इंटरफेस असा की पहिल्यांदा बघून माणूस टॅब बंद करतो. मध्ययुगीन गालिशियन-पोर्तुगीज कवितेसाठी लिस्बनच्या नोव्हा विद्यापीठाची कांतिगांची साइट, जवळजवळ 1680 कविता, शब्दार्थ आणि टीपांसकट. तिथे प्रेमकवितांत ‘कोरासों’ म्हणजे हृदयाची इतकी गर्दी आहे की दुसऱ्या कुठल्या अवयवाला जागाच नाही. अवयव बघायचे तर शिव्यांच्या कवितांकडे जा, तो वेगळा प्रकारच आहे आणि त्यात कुणाला सोडलेलं नाही, राजालाही नाही आणि पाद्र्यालाही नाही. साइट सुंदर, 5 पैकी 5, पण आपल्या कामासाठी तिचा उपयोग अधूनमधूनच.

छापील कोशांबद्दल थोडक्यात. ब्राझीलचा उआइस (2001) शब्द पहिल्यांदा कधी लिहिलेला सापडला ते साल किंवा शतक देतो, हे फार मोलाचं आहे, पण ठोकळा उचलायला पैलवान लागतो. कोरोमिनास आणि पास्कुआल यांचा सहा खंडांचा कोश, माद्रिदहून 1980 ते 1991 मध्ये आला, नावाला स्पॅनिशचा पण आत गालिशियन-पोर्तुगीज भरपूर. ‘ईगादो’ या स्पॅनिश नोंदीखाली फीगादोची सगळी वकिली वाचायला मिळते. लायब्ररीत मिळाला तर बसा. विकत घ्यायच्या भानगडीत सामान्य माणसाने पडू नये.

खाण्याचं लिहिल्याशिवाय कलेजीचा रिव्ह्यू पुरा होत नाही म्हणून सांगते, लिस्बनच्या जुन्या खाणावळींत, तास्का म्हणतात त्यांना, ‘इश्काश’ मागा. कलेजीचे अगदी पातळ काप, पांढरी वाइन, लसूण, तमालपत्र, व्हिनेगर यात मुरवून चरबीवर परतलेले. ‘कों एलाश’ म्हणजे ‘त्यांच्यासोबत’, त्या कोण तर उकडलेले बटाटे. मेनूवर बटाट्याचं नाव नसतं, नुसतं ‘त्या’. मुरवणाचा वास नाकात गेला की गोव्यातलं सोरपोतेल आठवतंच, व्हिनेगर तेच काम करतंय, फक्त आपल्याकडे माडाचं असतं आणि वर मिरची-मसाला. नावही तिकडचंच, पोर्तुगालच्या आलेंतेजूमध्ये सारापातेल म्हणून रक्ताचा आणि कलेजी-बिलेजीचा रस्सा करतात. गोव्यात डुक्कर, तिकडे कोकरू किंवा करडू.

आणि इथपर्यंत आलाच आहात तर एका गोवेकराचं काम डाउनलोड करून ठेवा. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, बार्देशातल्या आसगावचे, जन्म 1855, लिस्बनला संस्कृत शिकवायचे. पोर्तुगीजचे कुठले शब्द आशियातल्या कुठल्या भाषांत गेले याचा त्यांनी केलेला कोश 1913 मध्ये कोइंब्राहून निघाला, मराठी आणि कोकणी त्यात पानोपानी. चावी, साबण, पाव, बिजागरी सगळे भेटतात. यादी चाळताना जाणवतं की आपण त्यांच्याकडून वस्तू घेतल्या, खायचं घेतलं, अवयव घ्यायची वेळ आली नाही, ते आपले आपल्याकडे होते. मूळ पुस्तक पोर्तुगीजमध्ये आहे. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आंथनी झेवियर सोआरिस यांचं इंग्रजी भाषांतर बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 1936 साली निघालं, ते घ्या. रचना पोर्तुगीज शब्दांच्या अक्षरक्रमाने आहे, म्हणजे बटाटा ‘बी’खाली आणि चावी ‘सी’खाली, मराठी रूपावरून थेट शोधता येत नाही, आणि स्कॅनमधला सर्च जुन्या टायपामुळे अर्धवट चालतो. पानं उलटावी लागतात.